कार्बनला हात चारच का? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात या पानावर आम्ही एक वाक्य सहज लिहून गेलो, की सजीवांची सगळी केमिस्ट्री ही शेवटी कार्बनच्या जोडाजोडीची केमिस्ट्री आहे. सहज लिहिलं आणि अंगाशी आलं. एवढे प्रश्न आलेत की हा अख्खा अंक त्यातच जाणार. काही प्रश्न दिसायला शाळकरी आहेत पण उत्तर देताना घाम फुटला, काही भारी वाटतात आणि दोन ओळीत संपतात. त्यामुळे कुणाला पानभर उत्तर मिळालं आणि कुणाची चार ओळींवर बोळवण झाली तर राग मानू नका.

प्रश्न: मी बारावीला आहे. आमचे सर म्हणतात कार्बनला चार हात असतात. पण सोडियम कसा एक इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो, तसा कार्बन चार देऊन किंवा चार घेऊन मोकळा का होत नाही? वाटून घ्यायची भानगड कशाला?

तुझा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. कार्बनकडे एकूण सहा इलेक्ट्रॉन, त्यातले दोन आतल्या कक्षेत, ते कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि बाहेरच्या कक्षेत चार. कक्षा भरायला आठ लागतात. म्हणजे हा गडी बरोबर मधोमध अडकलेला. आता द्यायचं म्हटलं तर खर्च बघ. सोडियमच्या एक मोल (मोल म्हणजे अणू मोजायचं एक ठरलेलं माप) अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल लागतात. कार्बनचा पहिलाच इलेक्ट्रॉन काढायला १०८६ लागतात, दुसऱ्याला २३५३, तिसऱ्याला ४६२०, चौथ्याला ६२२३, कारण दर वेळी उरलेल्यांना केंद्रक अजून घट्ट धरून बसतं. बेरीज चौदा हजारांच्या वर जाते. एवढी ऊर्जा साध्या रासायनिक क्रियेत कुठून आणणार. आणि चार घ्यायचे म्हटलं तर केंद्रकात प्रोटॉन फक्त सहा आणि त्यांनी सांभाळायचे दहा इलेक्ट्रॉन, तेही एवढ्याशा जागेत एकमेकांना ढकलणारे. तेही जमत नाही.

म्हणून मग वाटून घेणं. दोन अणूंनी एकेक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवायचा आणि ती जोडी दोघांनीही आपली म्हणून मोजायची, ही कल्पना गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली, तुमच्या पुस्तकात ठिपक्यांच्या आकृत्या आहेत ना त्या त्यांच्याच. चार शेजाऱ्यांबरोबर चार जोड्या झाल्या की कार्बनचे आठ पूर्ण, शेजारी पण खूश. यालाच सहसंयुज बंध म्हणतात.

पण हातांच्या उपमेत एक गोम आहे, ती सरांना जरूर विचार. हात आधीपासून असतात आणि मग आपण कुणाचा तरी धरतो. एकट्या कार्बनच्या अणूत चार सारखे हात नसतातच. त्याच्या बाहेरच्या चारपैकी दोन इलेक्ट्रॉन आपापसात जोडी करून बसलेले असतात आणि सुटे दोनच, म्हणजे त्या हिशोबाने कार्बनने दोनच बंध करायला पाहिजेत! प्रत्यक्षात शेजारी जवळ आले की सगळी इलेक्ट्रॉनची मांडणीच बदलते आणि चार सारखे वाटे तयार होतात, याला संकरण म्हणतात आणि याचा हिशोब लायनस पॉलिंग यांनी १९३१ मध्ये मांडून दाखवला. जोडी मोडायला थोडा खर्च येतो पण दोन जास्तीचे बंध मिळाल्यावर तो व्याजासकट वसूल होतो. तर हात आहेत, पण ते हात धरायला कुणी आलं की फुटतात असं समज.

प्रश्न: हे चार बंध कागदावर अधिकच्या चिन्हासारखे काढतात, खरे तसेच असतात का? आणि "आरशातले रेणू" हा काय प्रकार आहे, औषधांच्या बाबतीत त्याने खरंच फरक पडतो का?

कागद सपाट असतो म्हणून तसे काढतात, बाकी काही नाही. खरे बंध चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या ठोकळ्याच्या, चार टोकांकडे जातात, कॅमेऱ्याच्या तिपाईसारखे तीन पाय खाली आणि चौथा सरळ वर, कुठल्याही दोन बंधांमधला कोन साधारण १०९.५ अंश. चार इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब राहायला बघतात आणि लांब राहायची ही सगळ्यात सोयीची पद्धत आहे.

हे कुणी रेणू बघून शोधलं असं वाटेल तुम्हाला, पण नाही. १८७४ मध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन सापडायच्याही तेवीस वर्षं आधी, याकोबस व्हान्ट हॉफ या जेमतेम बावीस वर्षांच्या डच पोराने हे नुसत्या तर्काने काढलं, आणि त्याच वर्षी थोड्या दिवसांनी फ्रान्समध्ये जोसेफ ल बेल यांनीही स्वतंत्रपणे. तर्क इतका साधा आहे की सांगायचा मोह आवरत नाही. समजा कार्बन सपाट आहे, चौकोनाच्या मध्ये तो आणि कोपऱ्यांवर दोन क्लोरीन, दोन हायड्रोजन. मग दोन वेगळे पदार्थ व्हायला पाहिजेत की नाही, एकात क्लोरीन शेजारी शेजारी आणि दुसऱ्यात समोरासमोर? पण असा पदार्थ एकच सापडतो. चतुष्फलकात कुठलेही दोन कोपरे एकमेकांचे शेजारीच असतात, त्यामुळे तिथे एकच प्रकार शक्य. झालं, सपाट कार्बन बाद!

यावर हेर्मान कोल्बे नावाच्या तेव्हाच्या बड्या जर्मन केमिस्टने १८७७ मध्ये त्या पोराची जाहीर टर उडवली. व्हान्ट हॉफ तेव्हा पशुवैद्यकीय कॉलेजात नोकरीला होता, तर कोल्बे साहेबांनी लिहिलं की याला नीट प्रयोग करण्यात रस नाही, हा पंखवाल्या घोड्यावर बसून उडतोय आणि तो घोडा पण बहुधा त्या जनावरांच्या कॉलेजातूनच उसना आणलाय. १९०१ मध्ये केमिस्ट्रीचं पहिलंवहिलं नोबेल दिलं गेलं ते व्हान्ट हॉफना (दुसऱ्या कामासाठी, पण तरी). कोल्बे ते बघायला हयात नव्हते.

आता आरसा. कार्बनच्या चार टोकांना चार वेगवेगळे गट लावले की त्याची दोन रूपं होतात, उजव्या डाव्या हातमोज्यासारखी. सगळं सेम, वजन सेम, उकळणं सेम, पण एक दुसऱ्यावर ठेवलं तर बसत नाही. लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टरिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली चिमट्याने वेगळे केले होते, हे इकडचे आणि हे तिकडचे असे, म्हणजे कोडं आधीपासून होतं, उत्तर व्हान्ट हॉफनी दिलं. कार्व्होन नावाच्या रेणूचं एक रूप पुदिन्यासारखं वास देतं आणि त्याचंच आरशातलं रूप शहाजिऱ्यासारखं, कारण नाकातले ग्राहक रेणू स्वतःच एकहाती आहेत. आपल्या प्रथिनांमधली अमिनो आम्लंही सगळी डाव्या रूपातली (ग्लायसीन सोडून, त्याच्या मधल्या कार्बनवर दोन हायड्रोजन असतात त्यामुळे त्याला डावं उजवं काही नाही). बहुतेक सगळे सजीव याच एका बाजूला कसे गेले याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही.

औषधांचं विचारलंत म्हणून थॅलिडोमाइड, हे मूळचं झोपेचं औषध. १९५७ पासून विकलं गेलं, गरोदर बायकांनी मळमळीवर घेतलं, जगभरात दहा हजारांवर मुलं हातापायांच्या व्यंगासह जन्माला आली आणि १९६१ च्या शेवटी ते मागे घ्यायला लागले. याची गोष्ट नेहमी अशी सांगतात की एक रूप झोप आणणारं आणि दुसरं वाईट, चांगलं रूप वेगळं काढून दिलं असतं तर काही झालं नसतं. ऐकायला छान वाटतं पण चूक आहे. त्या रेणूतल्या नेमक्या त्याच कार्बनचा हायड्रोजन सैल असतो, शरीरात तो सुटतो आणि परत बसताना कुठल्याही बाजूने बसतो, म्हणजे तुम्ही शुद्ध एक रूप दिलं तरी पोटात गेल्यावर दोन्ही तयार होतात. त्यामुळे ही गोष्ट पुढे सांगताना ती अर्धी सांगू नका एवढीच विनंती.

प्रश्न: आवर्तसारणीत कार्बनच्या बरोबर खाली सिलिकॉन आहे, त्यालाही बाहेर चार इलेक्ट्रॉन. मग सिलिकॉनचे जीव का नाहीत? विज्ञानकथांमध्ये तर असतात. (मी केमिस्ट्री अर्धवट सोडलेला इंजिनियर आहे, थोडं खोलात सांगितलं तरी चालेल.)

खोलात सांगायला सांगितलंत, आता वाचा.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या की पुरवठ्याचा प्रश्नच नाही. पृथ्वीच्या कवचाच्या वजनात साधारण २८ टक्के सिलिकॉन आहे आणि कार्बन एक टक्क्याच्याही खूप खाली. म्हणजे जिकडे तिकडे सिलिकॉन पडलेला असताना जीवसृष्टीने शोधून शोधून दुर्मिळ कार्बन उचलला. काहीतरी जबरदस्त कारण असणार.

कारण आकड्यात बघू, सगळे आकडे एक मोल बंध तोडायला लागणाऱ्या किलोज्यूलचे आणि सरासरीचे. कार्बन-कार्बन ३४७, कार्बन-हायड्रोजन ४१३, कार्बन-ऑक्सिजन ३५८. म्हणजे कार्बनला स्वतःच्या भावाचा हात धरणं आणि ऑक्सिजनचा हात धरणं जवळजवळ सारखंच. आता सिलिकॉन-सिलिकॉन २२६ आणि सिलिकॉन-ऑक्सिजन ४५२, बरोबर दुप्पट. ऑक्सिजन दिसला की सिलिकॉन भावाला सोडून पळाला, हे ठरलेलंच. सिलिकॉन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या प्रयोगशाळेत करता येतात पण हवा लागली की पेट घेतात, पाण्यातही त्यांचं काही खरं नाही. सिलिकॉनचा अणू मोठा असल्यामुळे त्याच्या अंगाला बाहेरून भिडायला जागाही जास्त मिळते, कार्बन चारही बाजूंनी झाकलेला असतो.

कुणी म्हणेल मग नायट्रोजन ऑक्सिजनच्या साखळ्या का नाहीत, ते तर कार्बनच्याच ओळीतले. नायट्रोजन-नायट्रोजन एकेरी बंध फक्त १६३ आणि ऑक्सिजन-ऑक्सिजन १४६. त्यांच्याकडे न वापरलेल्या इलेक्ट्रॉन जोड्या असतात आणि जवळ आलं की त्या एकमेकींना ढकलतात. कार्बनने चारही इलेक्ट्रॉन कामाला लावलेले असल्यामुळे त्याच्याकडे अशी भांडखोर जोडी शिल्लकच राहत नाही. आम्हाला विचाराल तर कार्बनच्या यशाचं अर्धं गुपित इथेच आहे, आणि पुस्तकात हे एका ओळीत गुंडाळतात.

दुसरं म्हणजे दुहेरी बंध. कार्बन एकाच शेजाऱ्याबरोबर दोन किंवा तीन जोड्या वाटून घेऊ शकतो (६१४ आणि ८३९), त्यामुळे साखळीला वळणं देता येतात, सपाट भाग करता येतात, क्रियेसाठी नाजूक जागा ठेवता येतात. सिलिकॉनचा मोठा अणू असा बाजूने नीट भिडत नाही, दोन सिलिकॉनमधला टिकाऊ दुहेरी बंध १९८१ मध्ये कुठे पहिल्यांदा बनवता आला आणि तोही आजूबाजूला मोठमोठे गट पहारेकऱ्यासारखे उभे करून.

तिसरा मुद्दा आमचा सगळ्यात आवडता. कार्बन जळला की दोन ऑक्सिजनशी दुहेरी बंध करून कार्बन डायऑक्साइड होतो, सुटा सुटा रेणू, वायू, पाण्यात विरघळतो, श्वासातून बाहेर जातो, पानात शिरतो आणि परत साखर होतो. सिलिकॉन जळला की त्याचं काय होतं? वाळू. दुहेरी बंध जमत नाही म्हणून प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजन धरतो, प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉन धरतो आणि अख्खा दगड तयार. म्हणजे सिलिकॉनचा प्राणी श्वास सोडेल तेव्हा वीट बाहेर टाकेल आणि त्याच्या झाडांना ती वीट खाऊन जगावं लागेल. विज्ञानकथावाल्यांनी याचा विचार केलेला फारसा दिसत नाही.

आणि इंजिनियर आहात म्हणून अजून एक. कार्बनचे बंध सगळ्यात मजबूत आहेत म्हणून जीवन त्याच्यावर आहे असं सर्रास लिहिलेलं असतं, ते पटत नाही. सिलिकॉन-ऑक्सिजन त्याहून मजबूत आहे आणि म्हणूनच तो दगड होऊन बसलाय, एकदा जुळलं की सुटायचं नाव नाही. जिवंत राहायला असा बंध लागतो जो आपणहून तुटणार नाही पण एन्झाइमने (शरीरातल्या क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाने) मनात आणलं तर क्षणात तुटेल. खरं तर ऑक्सिजनने भरलेल्या हवेत आपण सगळे जळायला तयारच आहोत, जळलो तर ऊर्जाच बाहेर पडेल, फक्त सुरुवातीचा उंबरा उंच आहे म्हणून पेटत नाही. त्या उंबऱ्याच्या भरवशावर सगळं चाललंय.

सिलिकॉनवर अन्याय नको म्हणून सांगतो, डायटम नावाची एकपेशीय शैवालं आपली सुंदर कवचं सिलिकाची करतात. आणि २०१६ मध्ये फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्या प्रयोगशाळेने एका जिवाणूच्या प्रथिनात थोडे बदल करत करत त्याच्याकडून कार्बन-सिलिकॉन बंध जोडून घेतला. पण जोडणारं प्रथिन कार्बनचंच होतं हो.

प्रश्न: स्टार्च आणि लाकूड दोन्ही ग्लुकोजचंच बनलेलं असतं असं वाचलं. मग एक पचतं आणि एक पचत नाही, असं कसं?

अगदी बरोबर वाचलंत. ग्लुकोज म्हणजे सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन, पाण्यात त्याचं बहुतेक वेळा कडं झालेलं असतं, पाच कार्बन आणि एक ऑक्सिजनचं. दोन कडी जोडताना एकाकडून हायड्रोजन आणि एकाकडून ऑक्सिजन-हायड्रोजन निघतो, त्याचं पाणी होऊन बाजूला जातं आणि मध्ये ऑक्सिजनचा पूल उरतो. आता गंमत अशी की पहिल्या कार्बनवरचा तो पूल कड्याच्या खालच्या बाजूला जातो की वरच्या, एवढाच फरक. खाली गेला तर साखळीला गोल गोल वळण पडतं, ते स्टार्च. वर गेला तर एकाआड एक कडी उलटी बसते आणि साखळी सरळ काठीसारखी होते, अशा काठ्या शेजारी शेजारी लागून हायड्रोजन बंधांनी (एका रेणूतल्या हायड्रोजनची दुसऱ्यातल्या ऑक्सिजन किंवा नायट्रोजनकडे असलेली कच्ची ओढ) घट्ट बांधल्या जातात, ते सेल्युलोज. आपला एन्झाइम खालच्या पुलासाठी घडलेला आहे, वरचा पूल त्याच्या खाचेत बसतच नाही. गाईला तरी कुठे पचतं, तिच्या पोटातल्या जंतूंना पचतं आणि ती फुकटचं श्रेय घेते.

पाणी काढून जोडायचं आणि पाणी घालून तोडायचं ही युक्ती जीवसृष्टीने सगळीकडे वापरलीय. अमिनो आम्लं जोडून प्रथिनं करताना तीच, स्निग्ध आम्लं ग्लिसरॉलला जोडताना तीच, डीएनएचा कणा घडवताना शेवटी हिशोब तोच. प्रथिनातला हा जोड नुसत्या पाण्यात ठेवला तर अर्धे जोड तुटायला शेकडो वर्षं लागतात आणि पोटातले एन्झाइम तेच काम काही तासात करतात. डीएनएमध्ये तर अजून एक शहाणपण आहे, कणा पक्क्या सहसंयुज बंधांचा आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये मात्र कच्चे हायड्रोजन बंध, डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए-टी या जोडीत दोन, जी-सी या जोडीत तीन, म्हणजे चेन उघडावी तशी पट्टी उघडते पण अक्षरांचा क्रम विस्कटत नाही.

प्रश्न: सॅच्युरेटेड, अनसॅच्युरेटेड, ट्रान्स. डॉक्टर सारखे बोलतात, विचारायची लाज वाटते. थोडक्यात सांगा.

लाज कसली. अठरा कार्बनची साखळी घ्या. सगळे बंध एकेरी असतील तर प्रत्येक कार्बनने जमतील तेवढे हायड्रोजन धरलेत, म्हणजे "भरलेला", सॅच्युरेटेड. हे स्टिअरिक आम्ल, साखळी सरळ, एकमेकींना चिकटून छान रचली जाते, म्हणून ६९ अंशाच्या आसपास वितळतं. आता मधोमध एक दुहेरी बंध टाका आणि दोन्ही बाजूंची साखळी त्याच्या एकाच अंगाला ठेवा, की साखळीला कोपरासारखा बाक येतो, रचना बिघडते आणि तेच आम्ल १३-१४ अंशालाच वितळतं, हे ओलिइक आम्ल. एका बंधाने पन्नास अंशांपेक्षा जास्त फरक पडला! दुहेरी बंधाभोवती साखळी फिरू शकत नाही त्यामुळे तो बाक कायमचा. ट्रान्समध्ये दुहेरी बंध असतो पण साखळ्या विरुद्ध अंगांना, त्यामुळे बाक जवळजवळ नाही आणि ते सॅच्युरेटेडसारखंच वागतं, वितळायला चाळीसच्या पुढे जावं लागतं. पेशीचं आवरण पातळसर ठेवायला ही बाकदार साखळी उपयोगी पडते. आहारात किती घ्यायचं ते मात्र डॉक्टरांनाच विचारा, आम्ही बंधांपुरते.

प्रश्न: बेंझीनमध्ये बंध दुहेरी की एकेरी? आणि केकुलेचं सापाचं स्वप्न खरं का?

बेंझीन म्हणजे सहा कार्बनचं कडं, आणि त्यातले बंध दोन्ही नाही, मधले. एकेरी कार्बन-कार्बन बंध १५४ पिकोमीटर (मिलिमीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक पिकोमीटर) लांब, दुहेरी १३४, आणि बेंझीनमधले सहाच्या सहा साधारण १३९. इलेक्ट्रॉन अख्ख्या कड्यात पसरलेले असतात. कडं सपाट आहे हे कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये बेंझीनच्याच एका भाऊबंदाच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून दाखवलं. अशी सपाट कडी तुमच्या प्रथिनांत आहेत, आणि डीएनएच्या अक्षरांची कडीही अशीच सपाट आणि पत्त्यांसारखी एकावर एक रचलेली.

जर्मन केमिस्ट ऑगस्ट केकुले यांनी बेंझीनचं कडं मांडलं १८६५ मध्ये आणि स्वतःची शेपटी तोंडात धरलेल्या सापाची गोष्ट सांगितली १८९० मध्ये, सत्काराच्या भाषणात. पंचवीस वर्षांनी, सत्काराच्या वेळी सांगितलेल्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा. आम्हाला त्यांच्यापेक्षा आर्चिबाल्ड कूपर या केमिस्टचं वाईट वाटतं. कार्बनला चार बंध असतात आणि कार्बन कार्बनला जोडला जातो हे त्यांनीही १८५८ मध्येच लिहिलं होतं, पण पेपर छापायला द्यायचं काम दुसऱ्याच्या हातात होतं, तिथे उशीर झाला आणि केकुलेंचं हेच म्हणणं आधी छापून आलं.

काही झटपट

*दोन कार्बनमध्ये चार बंध का होत नाहीत?* चार वाटे चार दिशांना तोंड करून असतात, तीन कसेबसे एकाच शेजाऱ्याकडे वळवता येतात, चौथा पाठमोराच राहतो. दोनच कार्बनचा एक रेणू असतो, गॅसच्या ज्योतीच्या निळ्या रंगात त्याचा हात असतो, त्यात चौथा बंध मानायचा का यावर तज्ज्ञ अजून भांडतायत.

*चारपेक्षा जास्त कधीच नाही?* "कधीच" म्हणू नका. २०१६ मध्ये बर्लिनमध्ये असा रेणू स्फटिकरूपात पकडला गेला की त्यात एका कार्बनचे सहा कार्बन शेजारी आहेत. पण इलेक्ट्रॉन तेवढेच, आठ, ते सहा जणांत पातळ करून वाटलेले. परीक्षेत चारच लिहा.

*"ऑर्गॅनिक" म्हणजे सजीवापासून आलेलं ना?* १८२८ पर्यंत तसंच समजायचे. त्या वर्षी फ्रेडरिक व्होलर यांनी प्रयोगशाळेतल्या क्षारापासून युरिया बनवला आणि कळवलं की आता मूत्रपिंडाशिवाय युरिया करता येतो. तेव्हापासून केमिस्ट्रीत ऑर्गॅनिक म्हणजे कार्बनची संयुगं. पाकिटावरचं ऑर्गॅनिक वेगळं, ते शेतीच्या पद्धतीबद्दल असतं.

*कार्बनची संयुगं एवढी जास्त का?* चार कार्बन आणि दहा हायड्रोजन दोनच प्रकारे जोडता येतात. दहा कार्बनवाला तसाच रेणू ७५ प्रकारे, वीसवाला ३,६६,३१९ प्रकारे आणि तीसवाला ४११ कोटींहून जास्त प्रकारे. आणि हे नुसतं एकेरी बंध आणि हायड्रोजन धरून, ऑक्सिजन नायट्रोजन अजून आलेच नाहीत.

*कार्बन मुळात आला कुठून?* म्हाताऱ्या ताऱ्यांच्या पोटातून. दहा कोटी अंशांच्या आसपास दोन हेलियम एकत्र येतात पण तो जोड डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधीच मोडतो, तेवढ्यात तिसरा येऊन धडकला तरच कार्बन. हे फारच क्वचित व्हायला पाहिजे होतं. फ्रेड हॉईल यांनी १९५३ मध्ये सांगितलं की जगात एवढा कार्बन आहे त्याअर्थी कार्बनच्या केंद्रकाला एका ठराविक जागी ऊर्जापातळी असलीच पाहिजे, लोकांनी शोधली आणि निघाली.

प्रश्न: वय ७१. जन्माला आलो तेव्हाचा माझ्यातला कार्बन अजून माझ्यात आहे का, की सगळा बदलला?

काका, हा प्रश्न शेवटी ठेवला कारण तो आम्हालाच आवडला. माणसाच्या वजनात साधारण १८ टक्के कार्बन असतो आणि आपण रोज श्वासातून अंदाजे एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे पाव किलोच्या थोडा वर कार्बन रोज बाहेर. तेवढाच खाण्यातून आत येतो. त्यामुळे बहुतेक सगळा बदलला, कितीतरी वेळा.

बहुतेक म्हटलं, सगळा नाही. हे मोजायची सोय विचित्र मार्गाने झाली. १९५० च्या दशकात आणि ६० च्या सुरुवातीला उघड्या हवेत अणुबाँबच्या चाचण्या झाल्या, त्याने हवेतलं कार्बन-१४ (कार्बनचं जड, किरणोत्सारी भावंड) चं प्रमाण १९६३ च्या सुमारास जवळपास दुप्पट झालं आणि चाचण्या थांबल्यावर हळूहळू उतरत गेलं. झाडांनी ती हवा घेतली, प्राण्यांनी झाडं खाल्ली, त्यामुळे शरीरातल्या कुठल्याही रेणूतलं कार्बन-१४ मोजलं की तो साधारण कुठल्या वर्षी बांधला गेला ते कळतं. तुमच्या पिढीच्या अंगात ती तारीख सगळ्यात स्पष्ट छापलेली आहे. अशा मोजणीत दिसलं की मेंदूच्या बाह्यभागातल्या चेतापेशींचा डीएनए जन्माच्या सुमाराचाच असतो. दाताचं एनॅमलही एकदा बनलं की तेच. आणि डोळ्यातल्या भिंगाच्या अगदी गाभ्यातली प्रथिनं जन्माच्या आगेमागे तयार होतात आणि नंतर बदलली जात नाहीत. तो कार्बन तुमच्या आईच्या खाण्यातून आलेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं नसेल, तर हे पान तुम्ही आत्ता त्याच्यातूनच बघताय.